इनकमिंग चालू राहिलं पाहिजे

कंपनीनं मला पंधरा दिवस जर्मनीला पाठवायचं ठरवलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गारखेड्यात नळाला सहा दिवसांनी पाणी येत होतं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. गिअरचे दाते बरोबर कापलेत की नाही, हे मोजायचं माझं काम. मोजमापाचं नवं मशीन तिकडून येणार होतं. ते तिथंच तपासायचं, चालवायला शिकायचं आणि सही करून यायचं होतं. आमच्या घरातून मुंबईच्या पलीकडं कुणी गेलेलं नव्हतं. व्हिसा झाला, तिकीट झालं, शेजारणीकडून चाकाची बॅगही आणून झाली. अडलं ते फोनवर.

पैशाचा प्रश्न नव्हता. फोनचा खर्च कंपनी देणार होती. एचआरच्या साहेबांनी तर एक पाकीटच हातात ठेवलं. आत जर्मनीत चालणारं सिम होतं. भरपूर इंटरनेट, तिकडचाच नंबर.

"पण सर, माझा नंबर बंद राहील ना?"

"राहू द्या की पंधरा दिवस. व्हॉट्सॲप चालतं. आजकाल साधा फोन करतं कोण?"

माझे आप्पा करत होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. पासष्टीच्या पुढचे होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. गावाच्या चहूबाजूंनी गवताची काडी उरली नव्हती आणि ज्या माळावर त्यांनी जन्मभर चारलं, त्यावर प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवले गेले होते. म्हणून साठेक मेंढरं घेऊन ते आणि त्यांचा एक चुलतभाऊ, असे दोघं संक्रांतीपासूनच गोदावरीच्या अंगाला निघून गेले होते. आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता. बॅटरी पुरावी म्हणून दिवसभर बंद ठेवायचे. पीठगिरणीत नाहीतर चहाच्या टपरीवर चार्ज करून घ्यायचे आणि चार-पाच दिवसांतून एकदा, संध्याकाळी मेंढरं कोंडली, की दोनचा आकडा दाबून धरायचे. दोन म्हणजे मी. त्यांना वाचता येत नव्हतं, नंबर पाठ नव्हता. मी उलट फोन केला तर फोन बंद. त्यांनी केला तरच आमचं बोलणं व्हायचं.

म्हणजे मला इंटरनेट कमी मिळालं तरी चाललं असतं. माझ्या जुन्या नंबरवर इनकमिंग चालू राहिलं पाहिजे, एवढंच हवं होतं. हे एक वाक्य मी त्या महिन्यात किती जणांना सांगितलं असेल!

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, रिचार्जसाठी तीन दाबा, मग गाणं, मग पुन्हा मराठीसाठी दोन. शेवटी एक मुलगा बोलला. त्यानं दहा दिवसांचा पॅक सांगितला. मी म्हटलं, पंधरा दिवस जायचंय. तो म्हणाला, मग दोन घ्या. दुसरा आपोआप सुरू होईल का? नाही, पहिला संपल्यावर करावा लागेल. तिकडून करता येईल का? "त्याची माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही, आणखी काही मदत करू शकतो का?" तिसऱ्या दिवशी वेगळ्याच मुलीनं सांगितलं, की असा दहा दिवसांचा पॅकच नाही. कंपनीतला एक सहकारी दुबईला जाऊन आलेला, तो रोज जेवणाच्या सुट्टीत मला नवा पॅक सुचवायचा. कशात इनकमिंग फुकट पण मिनिटं मोजून, कशात इंटरनेट पण तो देशच यादीत नाही. मी वहीच्या पाठीमागं रकाने पाडले. साध्या बोल्टचं ड्रॉइंग याहून सरळ असतं, असं वाटायचं.

अखेर तीस दिवसांचा एक पॅक सापडला. इनकमिंगला मर्यादा नाही, जर्मनी यादीत आहे, इंटरनेट जेमतेम. मला हाच हवा होता. शनिवारी सुट्टी टाकून क्रांती चौकातल्या त्यांच्या दुकानात गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं नंबर टाकला आणि मान हलवली.

"मॅडम, याच्यावर परदेशातली सेवाच सुरू नाही. आणि नंबरची फेरपडताळणी झालेली नाही. सिम तुमच्या नावावर नाहीये."

नव्हतंच. मी डिप्लोमाला शहरात आले, तेव्हा माझ्याकडं धड ओळखपत्रही नव्हतं. आप्पांनी बाजाराच्या दिवशी स्वतःच्या नावावर सिम घेऊन दिलं होतं. तेच मी इतकी वर्षं वापरत होते.

"मग?"

"ज्यांच्या नावावर आहे, त्यांना आणा. अंगठा लागेल."

ज्या माणसाचा फोन यावा म्हणून हे सगळं चाललं होतं, त्यालाच आधी शोधून क्रांती चौकात आणायचं होतं.

त्या संध्याकाळी आप्पांचा फोन आला. पैठणच्या खाली, नदीकाठच्या एका गावाचं नाव त्यांनी सांगितलं. रविवारी दुकान उघडं असतं, हे विचारून ठेवलं होतं. पहाटेच मी आणि नवरा मोटरसायकलवर निघालो. नदी म्हणजे नुसती वाळू होती. एका ऊस तुटलेल्या शेतात आप्पा दिसले, हातात चिपाडं मोडत. मेंढरांच्या पाठीची हाडं दिसत होती. ज्याचं शेत, त्या शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती आणि बदल्यात विहिरीचं पाणी देत होता. विहिरीत काय उरलंय, ते आप्पांनी मला मुद्दाम नेऊन दाखवलं. तळाला गढूळ थारोळं.

"आठ दिस पुरंल," ते म्हणाले. "मंग बघू."

मी त्यांना जर्मनीचं, सिमचं, अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तू तिथं ऱ्हाशील, आन् मी हितून दोन दाबल्यावर फोन तिथं वाजंल?"

"व्हय आप्पा. त्यासाठीच चाललंय."

"मंग चल. येतो."

मेंढरं चुलतभावाच्या हवाली करून ते आमच्या मागं मोटरसायकलवर बसले. तिघं जण, पन्नास-साठ किलोमीटर, डोक्यावर ऊन. दुकानात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आतली थंड हवा लागताच आप्पा दारातच थबकले. दारावरचा सिक्युरिटीवाला उठला आणि आपली खुर्ची पुढं सरकवत म्हणाला, "आओ चच्चा, इधर बैठो आराम से."

काउंटरवर तीच मुलगी. तिनं अंगठ्याचं यंत्र पुढं केलं. आप्पांनी अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवला. लाल. उजवा झाला, डावा झाला. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, म्हणजे वाघरीच्या, दोऱ्या ओढून आणि लोकर कातरून त्यांच्या बोटांवर रेषा म्हणून उरल्या नव्हत्या.

"बाबा, हात धुवून या जरा."

सिक्युरिटीवाला म्हणाला, "नल में पानी कहाँ है मॅडम?" मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. रुमालानं पुसलं. मुलीनं तर्जनी घेतली, मधलं बोट घेतलं. मागं रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "अहो, आमचं नुसतं बिल भरायचंय." माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, दुःखानं नाही, संतापानं. माणूस समोर बसलाय, माझा बाप आहे, आधार कार्ड हातात आहे, फोटो जुळतोय, तरी त्या डबीला पटत नव्हतं.

आप्पा मात्र शांत होते. "दाब बाई अजून जोरात," असं ते त्या मुलीलाच धीर दिल्यासारखे म्हणत होते. डाव्या हाताच्या करंगळीला यंत्र हिरवं झालं. ती मुलगी टाळी वाजवायची तेवढी बाकी राहिली.

मग भराभर झालं. पडताळणी, परदेशातली सेवा, पॅक. तिनं एक घडीचं माहितीपत्रक दिलं आणि म्हणाली, "तिकडं उतरलात की फोन बंद करून चालू करा, बस." मी दोनदा विचारलं, "इनकमिंग नक्की?" "नक्की मॅडम." नवऱ्यानं तेवढ्यात आप्पांच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर तीनवर घातला. "दोन नाही लागलं तर तीन दाबायचं. मी उचलीन."

"बरं जावईबापू," आप्पा म्हणाले. नवऱ्यानं त्यांना लगेच परत नेऊन सोडलं. त्यांना दुकानातून निघताना पाणीसुद्धा मिळालं नव्हतं, हे मला नंतर कळलं. माझी बाटली तर आम्ही हात धुण्यात संपवली होती.

जर्मनीतलं ते गाव लहान होतं. उतरल्यावर मी फोन बंद करून चालू केला. वर एका कंपनीचं नाव आलं, चार दांड्या दिसल्या. हॉटेलात आणि कारखान्यात वायफाय होतं. नवऱ्याशी व्हॉट्सॲपवर बोलले, त्याला हिरवी झाडं दाखवली. सगळं चालू आहे, असं मी धरून चालले.

निघण्याआधी मी एक गोष्ट करून ठेवली होती. आमच्या खात्यातल्या एका वयस्कर सहकाऱ्याचं गंगापूरकडं शेत होतं, त्यांच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. मेंढरं आणून बसवता येतील का, असं त्यांना विचारलं होतं. ते भावाला विचारून सांगतो म्हणाले होते. पक्कं नव्हतं म्हणून आप्पांना बोलले नव्हते. मी तिथं पोचल्यावर चौथ्या दिवशी, गुरुवारी, त्यांचा मेसेज आला. भाऊ हो म्हणाला, पाठवून द्या. मी मशीनसमोर उभी होते. तिथल्या प्रशिक्षकानं विचारलं, चांगली बातमी का? मी म्हटलं, लई चांगली. मराठीतच म्हटलं, तो हसला.

आता फक्त आप्पांचा फोन यायचा होता. गुरुवारी आला नाही. मी लावला तर बंद. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. तिकडचे दुपारचे साडेतीन म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सात. त्या वेळेला मी मोजमापाच्या खोलीतून निघून पायऱ्यांवर फोन घेऊन बसायचे. रेंज नसेल, चार्जिंग नसेल, अशी मनाची समजूत घालायचे. शनिवारी मात्र राहवलं नाही. नवऱ्याला म्हटलं, उद्या जाऊन निरोप दे.

रविवारी तो गेला. शेत रिकामं होतं. शेतकऱ्यानं सांगितलं, विहीर आटली, ते परवाच हलले, कुठं ते माहीत नाही. नवऱ्यानं तिथूनच मला कळवायचं म्हणून फोन काढला. त्या रानात इंटरनेट चालेना, म्हणून त्यानं साधा फोन लावला. पंधरा दिवसांच्या त्या प्रवासात माझ्या नंबरवर त्यानं केलेला तो पहिला साधा फोन.

घरी परतल्यावर त्याचा मेसेज आला, "अगं, तुझा नंबर लागतच नाही. उपलब्ध नाही म्हणतोय."

मी पर्समधून ते माहितीपत्रक काढलं. पाठीमागं, सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही सेवा निवडक भागीदार नेटवर्कवरच मिळेल आणि ग्राहकानं ते नेटवर्क स्वतः निवडावं. खाली जर्मनीसमोर एकाच कंपनीचं नाव होतं. माझ्या फोनवर सात दिवस दुसरीचंच झळकत होतं.

केसापेक्षा बारीक फरक शोधायची मला नोकरी होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली टीप आधी वाचायची, हे मीच नव्या मुलींना शिकवत होते. इथं मी वाचली नाही. त्या काउंटरवरच्या मुलीवर, त्या कंपनीवर आणि स्वतःवर, नक्की कुणावर ओरडावं ते कळेना. सेटिंगमध्ये जाऊन मी नेटवर्क बदललं. मिनिटभर काही झालं नाही. मग फोन थरथरायला लागला. या नंबरवरून मिस कॉल. या नंबरवरून मिस कॉल. नवऱ्याचा एक सोडला, तर एकामागून एक सात मेसेज, सातही आप्पांच्या नंबरचे, सगळे शनिवार संध्याकाळचे. मी पायऱ्यांवर बसले होते तेव्हाचे.

लगेच लावला. बंद.

सोमवारचं काम कसं झालं, मला आठवत नाही. मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"बाई? लागला का गं? मी दोनच दाबलंय."

"आप्पा, शनिवारी सात वेळा केला होता. काय झालं होतं?"

"काय नाय. यापारी आला व्हता टेम्पो घिऊन. पाणी संपलेलं, दोन मेंढरं बसली ती उठली नायत. तो म्हनं, आत्ता देता का बोला, नायतर जातो. म्हटलं लेकीला इचारतो. तुझा लागंना. मंग दिली."

"किती?"

"गाभण व्हत्या त्या अकरा ठिवल्या. बाकी दिली."

मी म्हणाले, "तीन का नाही दाबलं आप्पा? यांनी सांगितलं होतं की."

"जावयाला काय इचारायचं मेंढराचं?" ते म्हणाले. जणू मी काहीतरी अगदीच खुळ्यासारखं बोलले होते.

गंगापूरच्या जागेचं सांगावं की नाही, हा विचार मी केला. पण अकरा मेंढरांनाही पाणी लागणारच होतं. सांगितलं. गुरुवारीच होकार आला होता, हेही सांगितलं. खोटं बोलायला मला सुचलं नाही.

"गुरवारीच?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आसं. मंग ती अकरा तरी नेतो तिकडं. जागा कुटं हाय, जावईबापूला इचारतो आता."

उरलेले दिवस फोन रोज नीट लागत होता. आप्पा रोज करत होते. मेंढरं टेम्पोत घातली, मेंढरं पोचली, बोअरचं पाणी गोड हाय. मी मशीनवर सही केली आणि परत आले.

आल्यावर पहिल्या शनिवारी क्रांती चौकात गेले. ती मुलगी नव्हती, दुसऱ्या शाखेत गेली म्हणाले. मॅनेजरनं माझं सगळं ऐकलं, माहितीपत्रक उलटं केलं आणि पेनाच्या टोकानं ती ओळ दाखवली. "हे बघा, दिलेलं आहे."

"दिलेलं आहे, पण सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं होतं."

"मॅडम, तुमचं नक्की नुकसान काय झालं ते सांगा. पॅकचे पैसे परत मिळतील का, ते विचारून बघतो."

त्याला मेंढरांचं काय सांगायचं? मी तक्रार लिहून दिली. नुकसानीच्या रकान्यात 'फोन लागला नाही' एवढंच लिहिलं.

पुढं पाऊसपाणी बरं झालं. अकरांना पिल्लं झाली. आप्पांनी पुन्हा हळूहळू जमवाजमव केली, पण लांब जायचं सोडलं. शनिवारच्या त्या सात फोनांबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. एकदा दिवाळीला गारखेड्यात आले होते. गच्चीवर बसून समोर चढणाऱ्या नव्या इमारतींचे मजले मोजत होते. तेव्हा मीच विषय काढला.

"आप्पा, मी उचलला असता तर दिली नसती ना?"

त्यांनी मजले मोजणं थांबवलं. "तू नको म्हनली असतीस. टेम्पोवाला निघून गेला असता. मंग दोन दिसांत तिकडं पोचली असती का वाटंतच मेली असती, काय म्हाईत? दिली ते बरं केलं का वाईट, मला अजून उमजत नाय. तुला उमजलं तर सांग."

खाली जाऊन मी चहा टाकला.

त्याच आठवड्यात, कंपनीच्या बसमध्ये असताना मला एक मेसेज आला. आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं असून ती बंद करण्यात येत आहे, आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल? मी तो दोनदा वाचला. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं ताई, कुणाचा मेसेज आहे? मी फोन तिच्यापुढं धरला आणि वाळूज येईपर्यंत तिला हे सगळं सांगत राहिले.